दूध संस्थेत बल्क कूलर बसवताना: जागेपासून गॅसपर्यंत कामाचा क्रम

दूध संस्थेचा बल्क कूलर (जमा झालेलं दूध थंड करणारी टाकी) रुसला की फोन एकच येतो: "गॅस संपलाय, भरायला या." थंड करणारा गॅस संपत नसतो. बंद नळ्यांतून तो वर्षानुवर्षं फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठंतरी गळतोय. आणि बऱ्याचदा गॅस पुरेसाच असतो. कंडेन्सरवर (उष्णता बाहेर फेकणाऱ्या जाळीदार भागावर) उसाच्या पाचटाची राख बसलेली असते, रात्री एक फेज गेलेला असतो, नाहीतर टाकीच्या तळाला जेमतेम दूध असताना कुणीतरी बटण दाबलेलं असतं.

यातल्या निम्म्या चुका टाकी गावात येण्याआधीच होऊन जातात. मंडळाची बैठक होते, टाकी बुक होते, टेम्पो दारात उभा राहतो, आणि मग जागा कुठली यावर चर्चा सुरू होते. वायरमन त्यानंतर, अर्थिंग "पुढच्या आठवड्यात". क्रम नेमका उलटा हवा. खाली ५०० ते २००० लिटरच्या, गॅस थेट तळाच्या पत्र्याखालून फिरणाऱ्या कूलरचं काम क्रमानं दिलं आहे. नळ्या आणि गॅस हे फिटरचंच काम. पण तो काय करतोय आणि काय टाळतोय हे सचिवाला कळावं म्हणून तेही सविस्तर लिहिलं आहे.

## १. मागवण्याआधी: लिटरचा आणि टनाचा हिशेब

टाकी किती लिटरची हे सगळे विचारतात. तीन तासांत किती दूध थंड होणार, हे फारसं कुणी विचारत नाही. खरा प्रश्न दुसरा आहे.

कोल्हापूरकडं म्हशीचं दूध बरंच, आणि ते थंडीत फुगतं. म्हणून हिशेब पुष्टकाळातल्या (दूध जास्त असतानाच्या) आवकेवर करा, मे महिन्यातल्या नाही. संस्थेच्या रजिस्टरमधून डिसेंबर-जानेवारीचा एका वेळचा सर्वांत मोठा आकडा काढा. समजा तो ५०० लिटर आहे.

दूध धारेचं, म्हणजे साधारण ३५ अंशांचं. आणायचं ४ अंशांवर. फरक ३१ अंश. ५०० लिटर दुधाचं वजन सुमारे ५१५ किलो. दुधाची विशिष्ट उष्णता ०.९३ धरली तर बाहेर काढायची उष्णता होते जवळपास १४,८५० किलोकॅलरी. तीन तासांत काढायची, म्हणजे तासाला ४,९५०. एक टन रेफ्रिजरेशन म्हणजे तासाला ३,०२४ किलोकॅलरी. हिशेब १.६४ टनावर येतो. झाकणातून, भिंतींतून, ढवळणीच्या मोटरमधून येणारी उष्णता धरून वर दहा-पंधरा टक्के घाला. एका वेळच्या ५०० लिटरला पावणेदोन ते दोन टनांचं युनिट (गॅस दाबून फिरवणारा कॉम्प्रेसर आणि कंडेन्सर यांचा संच) लागतं.

आता दुसरी बाजू. दूध संघाचा टँकर दिवसातून एकदा येत असेल तर संध्याकाळ आणि सकाळ मिळून १००० लिटरची टाकी आणि वरचं युनिट पुरतं. पण एकाच वेळी १००० लिटर येत असेल तर टाकी तीच राहून युनिट दुप्पट लागेल. हे न सांगता फक्त "हजारची टाकी" मागवली की उन्हाळ्यात रात्री अकरापर्यंत कॉम्प्रेसर चालतो आणि दूध ९ अंशांवर अडकून बसतं.

उलट चूकही होते. पुढं दूध वाढेल म्हणून दिवसाला ३०० लिटरच्या संस्थेनं २००० ची टाकी घ्यायची. मग ढवळणीचं पातं दुधात बुडतच नाही आणि तळाला बर्फ धरतो. साधारण दहा टक्के टाकी भरल्याशिवाय बहुतेक टाक्यांचं पातं झाकत नाही. कृशकाळातली (दूध कमी असतानाची) एका वेळची आवक त्याच्या वर आहे ना, हे आधी बघा.

तपासा: कोटेशनमध्ये युनिटची क्षमता बाहेरचं तापमान किती धरून लिहिली आहे? ३२ अंशांवर लिहिलेली क्षमता एप्रिल-मेच्या दुपारी मिळत नाही. ४० अंशांवरचा आकडा मागा.

## २. जागा: टाकीला फरशी, कंडेन्सरला वारा

दार मोजा. टाकीची रुंदी पायांसह, पॅकिंगसह, आणि वळण घेताना लागणारी जागा. दाराची चौकट काढून आत घ्यावी लागणार असेल तर ती टेम्पो येण्याच्या आदल्या दिवशी काढलेली असावी. टाकी उचलायला चेनब्लॉक लावा. पाय धरून ढकलत नेली तर तळाच्या नळ्यांचे जोड हलतात आणि ते महिन्यांनी गळायला लागतात.

फरशीला मोरीकडं मीटरमागे दीड-दोन सेंटीमीटर उतार हवा. साधा सिमेंटचा कोबा दुधाच्या आंबटपणानं आणि धुण्याच्या ॲसिडनं दोन-तीन वर्षांत खड्डे धरतो. ॲसिडला टिकणाऱ्या टाइल घाला आणि सांधे इपॉक्सीनं भरा. पायांखाली दोन-तीन इंच उंच पक्के ठोकळे करा, म्हणजे खाली झाडू जाईल.

कंडेन्सर युनिट टाकीच्याच खोलीत ठेवायचा मोह टाळा. युनिट दुधातली उष्णता काढून हवेत फेकतं. तीच हवा खोलीत फिरत राहिली की पंखा गरम हवाच परत ओढतो, दाब चढतो आणि विजेचं बिल वाढतं. युनिट बाहेर, उत्तरेला किंवा पूर्वेला, वर पत्र्याचं छप्पर, मागं भिंतीपासून किमान फूटभर आणि पंख्यासमोर चार-पाच फूट मोकळं. पंख्याची गरम हवा समोरच्या कुंपणभिंतीवर आदळून परत येणार नाही हे बघा.

राखेचा विचार तर आपल्याकडं करावाच लागतो. करवीर-पन्हाळ्याकडं गुऱ्हाळं पेटली की चिपाडाची राख, तोड झाली की पाचटाची काजळी, आणि ऑक्टोबरात सोयाबीनच्या मळणीचा भुसा. कंडेन्सरच्या पत्र्यांमध्ये हे तिन्ही अडकतं. गुऱ्हाळाच्या किंवा खळ्याच्या बाजूला युनिटचं तोंड नको. दुसरी जागा नसेल तर युनिटसमोर काढता येणारी जाळी बसवा आणि हंगामात ती दर दोन दिवसांनी झटका. जाळी फार बारीक नको, नाहीतर तीच वारा अडवते.

गगनबावडा, राधानगरी, भुदरगडकडं राखेपेक्षा पावसाचा त्रास मोठा. तिथं पॅनेल बोर्ड बाहेरच्या भिंतीवर लावू नका. पेटीला खालून ग्लँड लावून वायरी घ्या; वरून घेतल्या तर वायरीवरून ओघळणारं पाणी थेट कॉन्टॅक्टरवर (मोटर चालू-बंद करणाऱ्या स्विचवर) उतरतं.

शिरोळ, हातकणंगले, करवीरच्या नदीकाठच्या गावांत पहिला प्रश्न उंचीचा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट आहे, पण तुमच्या खोलीत पाणी किती आलं होतं ते भिंतीवर शोधा. २०१९ आणि २०२१ च्या खुणा बऱ्याच इमारतींवर अजून दिसतात. त्यातली वरची खूण धरा. टाकी तेवढी उंच नेता येणार नाही. पण युनिट आणि पॅनेल नेता येतात. कोल्हापूरच्या उद्यमनगरात अँगलचा स्टँड करून मिळतो. मात्र युनिट वर गेलं की नळ्यांचं काम बदलतं. ते पाचव्या टप्प्यात सांगतो, आणि ते फिटरला आधी सांगायला हवं, बसवून झाल्यावर नाही.

सावध: डिटर्जंट आणि ॲसिडचे कॅन युनिटच्या खाली ठेवू नका. ॲसिडच्या वाफा तांब्याच्या नळ्या आणि ॲल्युमिनियमचे पत्रे खातात.

## ३. वीज: इथं सर्वांत जास्त कूलर मरतात

आधी बघा की थ्री-फेज कुठल्या फीडरवरून येते. शेतीपंपांच्या फीडरवर थ्री-फेज ठरावीक तासच मिळते. बाकी वेळ कूलर बंद. जोडणी गावठाण फीडरवरची हवी आणि मंजूर भारात कूलर, पाण्याची मोटर आणि गिझर एकत्र धरलेले हवेत.

मग व्होल्टेज मोजा. दुपारी नाही, संध्याकाळी सात ते नऊ, जेव्हा गावात सगळं चालू असतं आणि तुमचंही दूध येत असतं. तिन्ही जोड्या मोजा: आर-वाय, वाय-बी, बी-आर. ४१५ च्या आसपास हवं; ३७५ च्या खाली जात असेल तर सर्व्हो स्टॅबिलायझरशिवाय कॉम्प्रेसर चालवू नका. तिन्ही आकड्यांत आपसात फरक किती, हेही बघा. व्होल्टेजमधल्या दोन-तीन टक्क्यांच्या फरकानं करंटमधला फरक त्याच्या कितीतरी पट होतो आणि एक वाइंडिंग गुपचूप भाजत राहतं.

पॅनेलमध्ये हे असलंच पाहिजे:

- फेज गेला, कमी झाला किंवा उलटा आला तर तोडणारा रिले.
- कॉम्प्रेसर बंद झाल्यावर तीन ते पाच मिनिटं परत चालू न होऊ देणारा टायमर. वीज जाऊन लगेच आली की दाब समान झालेला नसतो. त्या अवस्थेत सुरू झालेला कॉम्प्रेसर करंट ओढत अडून बसतो.
- कॉम्प्रेसरच्या प्रत्यक्ष करंटवर लावलेला ओव्हरलोड. "सारखा ट्रिप होतोय" म्हणून स्क्रू फिरवून वाढवलेला ओव्हरलोड असून नसल्यासारखाच.
- ३० मिलिअँपिअरचा गळती-रोधक ब्रेकर, निदान ढवळणी, पाण्याची मोटर आणि प्लग पॉइंटच्या सर्किटवर. ओल्या फरशीवर अनवाणी माणसं स्टीलच्या टाकीला टेकून उभी असतात.

अर्थिंग संस्थेचं स्वतःचं हवं. विहिरीच्या मोटरची किंवा शेजारच्या ग्रामपंचायतीची तार आणून जोडायची नाही. खड्डा, पाइप किंवा प्लेट, कोळसा-मीठ, वर पाणी घालायला फनेल. मोजल्यावर रोध ५ ओहमच्या आत. टाकीचं अंग, युनिटची फ्रेम, पॅनेल, जनरेटर हे सगळं त्याला वेगवेगळ्या तारेनं जोडा. उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी घालायची जबाबदारी एकाच्या नावावर लिहून टाका.

जनरेटरचा हिशेब चालू करंटवर करून फसतात. कॉम्प्रेसर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट मागतो. ३ एचपीच्या युनिटला ५ केव्हीएचा जनरेटर कागदावर पुरतो, प्रत्यक्षात सुरू होताना दम सोडतो. ७.५ ते १० केव्हीए धरा.

तपासा: जनरेटरवर फेजचा क्रम विजेच्या लाइनसारखाच येतो का? स्क्रोल कॉम्प्रेसर असेल तर क्रम उलटा झाला की तो उलटा फिरतो: खडखड आवाज, सक्शनचा (गॅस आत ओढणाऱ्या बाजूचा) दाब उतरत नाही, डिस्चार्जचा (गॅस बाहेर ढकलणाऱ्या बाजूचा) चढत नाही. लगेच बंद करा आणि कुठल्याही दोन वायरी अदलाबदल करा. ट्रान्सफॉर्मरवर काम झाल्यावरही हा क्रम बदलू शकतो.

## ४. टाकी उभी करणे

पायांचे स्क्रू फिरवून टाकी लेव्हलला आणा. उतार लागतो तो टाकीच्या तळातच दिलेला असतो. तुम्ही वरून अजून तिरकी केली तर मापाची पट्टी खोटं बोलायला लागते. पट्टीसोबत येणारा लिटरचा तक्ता टाकी ठरलेल्या लेव्हलला असतानाच खरा असतो. दोन-चार मिलिमीटरच्या फरकात मोठ्या टाकीत दहा-वीस लिटर इकडचे तिकडे होतात, आणि मग टँकरवाल्याशी रोजची कटकट.

लेव्हल झाल्यावर पाय ठोकळ्यांना अँकर बोल्टनं आवळा आणि लगेच माप तपासा. प्रमाणित मापानं पाणी ओतत १००, २००, ३०० लिटरला पट्टी वाचा आणि तक्त्याशी ताडा. हे पाणी पुढं चाचणीला लागणारच आहे.

## ५. नळ्या आणि जोड

युनिट आणि टाकी जितकी जवळ तितकं चांगलं, पण सरळ ओढून नळी लावायची नाही. कामाची चांगली खूण चार ठिकाणी दिसते.

एक, सक्शनची, म्हणजे टाकीकडून कॉम्प्रेसरकडं येणारी जाड नळी कॉम्प्रेसरकडं किंचित उतरती हवी आणि तिला पूर्ण लांबीवर इन्सुलेशन हवं. त्या नळीतून गॅससोबत कॉम्प्रेसरचं तेल परत येत असतं. युनिट पुरासाठी वर नेलं असेल तर तेलाला चढ चढावा लागतो. अशा वेळी चढाच्या पायथ्याशी नळीला पी-आकाराचं वळण घ्या, दर तीन मीटर उंचीला आणखी एक, आणि उभी नळी जरुरीपेक्षा जाड घेऊ नका. गॅसचा वेग कमी पडला तर तेल खालीच साचतं. तेलाविना कॉम्प्रेसर किती दिवस चालेल हे सांगायला फिटर नको.

दोन, ब्रेझिंग करताना (जोड तापवून सांधताना) नळीतून कोरड्या नायट्रोजनची हलकी धार चालू असली पाहिजे. नसेल तर आतून काळी खपली धरते आणि ती सुटून एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या (टाकीत जाणारा द्रव गॅस मोजून सोडणाऱ्या व्हॉल्व्हच्या) तोंडाशी अडकते. जोड बाहेरून कितीही चकचकीत दिसो. फिटरच्या टेम्पोत नायट्रोजनचा सिलिंडर नसेल तर काम सुरूच करू देऊ नका.

तीन, एक्स्पान्शन व्हॉल्व्हचा बल्ब. तो सक्शन नळीच्या आडव्या, सरळ, घासून स्वच्छ केलेल्या भागावर, घड्याळातल्या दहाच्या किंवा दोनच्या जागी, धातूच्या पट्टीनं घट्ट बांधायचा आणि वर इन्सुलेशन. नळीच्या तळाला बांधला तर तिथल्या तेलामुळं तो चुकीचं तापमान वाचतो. प्लॅस्टिकच्या टायनं बांधलेला बल्ब वर्षभरात सैल होतो, व्हॉल्व्ह उघडा राहतो, आणि द्रव गॅस कॉम्प्रेसरमध्ये शिरतो.

चार, लिक्विड लाइनवर (द्रव गॅसच्या नळीवर) ओल शोषणारा ड्रायर आणि त्याच्यापुढं बघायची काच. ड्रायरचं सील काम संपत आल्यावर, जोडायच्या क्षणी फोडायचं. सकाळी फोडून दुपारी लावलेला ड्रायर पावसाळी हवेतलं पाणी आधीच पिऊन बसलेला असतो.

## ६. दाब, निर्वात, मग गॅस

हा क्रम मोडायचा नाही.

आधी कोरड्या नायट्रोजननं दाब. किती, ते युनिटच्या पाटीवर लिहिलेलं असतं. कमी दाबाच्या आणि जास्त दाबाच्या बाजूला वेगळा आकडा असतो. प्रत्येक जोडाला साबणाचा फेस लावा आणि दाब रात्रभर ठेवा. सकाळी गेज थोडंसं खाली दिसेल, कारण हवा गार झालेली असते; दुपारी ते परत मूळ जागी आलं पाहिजे.

सावध: ऑक्सिजननं दाब कधीही द्यायचा नाही. कॉम्प्रेसरमधलं तेल आणि दाबाखालचा ऑक्सिजन मिळून स्फोट होतो. वेल्डिंगचा सिलिंडर हाताशी आहे म्हणून तो लावणारा फिटर दारातून परत पाठवा. टायरवाल्याचा कॉम्प्रेसरही नको. ती हवा ओली असते.

मग व्हॅक्यूम. वेगळा दोन-टप्प्यांचा व्हॅक्यूम पंप आणि मायक्रॉन गेज. ५०० मायक्रॉनच्या खाली न्या, पंपाचा व्हॉल्व्ह बंद करा आणि थांबा. आकडा थोडा चढून स्थिरावला तर ठीक. चढत जाऊन मधेच थांबला तर आत ओल आहे. थांबतच नसेल तर गळती. साध्या गेजवर काटा ३० इंचांवर टेकला म्हणजे व्हॅक्यूम झाला असं नाही, ओल त्या काट्याला दिसत नाही. कूलरच्याच कॉम्प्रेसरनं व्हॅक्यूम ओढायची पद्धत अजून चालते. तिनं ओल निघत नाही आणि कॉम्प्रेसरच्या वाइंडिंगला धोका होतो.

आर-४०४ए या गॅसवर चालणाऱ्या यंत्रात घाई आणखी महाग पडते. त्याचं तेल हवेतली ओल झपाट्यानं ओढून घेतं. तेलाचा डबा किंवा नळी उघडी ठेवून चहाला जायचं नाही.

शेवटी गॅस. तोच, जो पाटीवर लिहिला आहे, आणि तेवढाच, वजनकाट्यावर मोजून. आर-४०४ए हे मिश्रण आहे, म्हणून ते सिलिंडरमधून द्रवरूपातच काढायचं. वाफ काढली तर मिश्रणाचं प्रमाण बिघडतं. मोठा भाग कॉम्प्रेसर बंद असताना रिसीव्हरकडं (द्रव गॅस साठवणाऱ्या टाकीकडं), उरलेला सक्शनकडून अगदी थेंबथेंब. "काटा बघून भरतो" म्हणणाऱ्याला काटा कुठला, वजनाचा की दाबाचा, एवढं विचारा.

कॉम्प्रेसरला क्रँककेस हीटर (तळाचं तेल गरम ठेवणारा) असेल तर पहिल्या सुरुवातीआधी तो किमान बारा तास चालू ठेवा.

## ७. पहिला दिवस पाण्यावर

दुधावर चाचणी घेऊ नका. टाकीत एका वेळच्या दुधाएवढं पाणी भरा, शक्य तर ३५ अंशांचं, आणि वही घेऊन बसा. दर पंधरा मिनिटांनी पाण्याचं तापमान, सक्शनचा दाब, डिस्चार्जचा दाब, तिन्ही फेजचे करंट आणि बाहेरचं तापमान लिहा.

आर-४०४ए असेल तर पाणी ४ अंशांच्या जवळ येताना सक्शन ६० पीएसआयच्या आसपास, आणि ३०-३५ अंशांच्या दिवशी डिस्चार्ज २५० ते ३०० च्या दरम्यान दिसतो. बघायच्या काचेत बुडबुडे नसावेत. ओल दाखवणारा ठिपका हिरवा असावा, पिवळा नाही. तीन तासांत पाणी ४ अंशांवर आलं पाहिजे. न आल्यास फिटरला पैसे द्यायच्या आधी कारण शोधून घ्या.

मग टाकी रात्रभर बंद ठेवा. चार तासांत साधारण अंशभरापेक्षा जास्त तापमान चढलं तर झाकणाचं रबर किंवा इन्सुलेशन तपासा.

या दिवसाची वही पॅनेलच्या आत ठेवा. दोन वर्षांनी "आधी बरं चालायचं" म्हणायची वेळ येते, तेव्हा आधी म्हणजे किती, हे तिथं लिहिलेलं असतं.

## ८. रोजचं काम: दूध ओतण्याचा आणि धुण्याचा क्रम

संकलनाआधी टाकी निर्जंतुक केलेली, खालचा व्हॉल्व्ह बंद, गाळणी जागेवर. प्रत्येक उत्पादकाचं दूध टाकीत जाण्याआधी वासाला, चवीला, शंका असेल तर उकळून बघा. एक आंबट किटली अख्खी टाकी नासवते आणि ती कुणाची होती हे नंतर कुणी सांगू शकत नाही.

दूध येईल तसं ओता. कॅनमध्ये साठवून शेवटी एकदम ओतायची सवय सोडा. तो तास-दीड तास जंतूंना फुकट मिळतो, आणि सकाळी आधीच्या थंड दुधावर एकदम कोमट दूध पडतं.

ढवळणीचं पातं दुधात बुडलं की आधी ढवळणी, मग कॉम्प्रेसर. त्याआधी स्विच "ऑटो"वर ठेवला तर थर्मोस्टॅट आपणहून कॉम्प्रेसर सुरू करेल आणि तळाला दुधाचा बर्फ होईल. गोठून वितळलेल्या दुधाची फॅट विस्कटते, लॅक्टोमीटर वेगळं काही दाखवतो. थर्मोस्टॅट ४ अंशांवरच ठेवा. "अजून गार बरं" म्हणून १ वर लावायचा नाही. दूध उणे अर्ध्या अंशाच्या आसपास गोठायला लागतं.

दूध थंड झाल्यावरही ढवळणी अधूनमधून फिरली पाहिजे: दर पंधरा मिनिटांनी दोन मिनिटं, टायमरवर. म्हशीच्या दुधाची साय पटकन वर येते. टँकर आल्यावर नमुना काढण्याआधी सलग पाच मिनिटं ढवळा, नाहीतर फॅटचा आकडा नशिबावर.

टँकर गेला की धुणं लगेच. कॉम्प्रेसर बंद, मुख्य स्विच बंद. पहिलं पाणी साधं किंवा कोमट, आणि ते स्वच्छ निघेपर्यंत. इथंच बहुतेक जण चुकतात: पहिल्यालाच उकळतं पाणी टाकतात. त्यानं दुधातलं प्रथिन पत्र्यावर शिजून बसतं, आणि त्यावर पुढं पिवळा दगडासारखा थर धरतो. नंतर डिटर्जंटचं गरम पाणी, हात बुडवता येईल इतपत, मऊ ब्रशनं. ढवळणीचा दांडा, झाकणाची खालची बाजू आणि खालचा व्हॉल्व्ह उघडून. मग स्वच्छ पाणी. आठवड्यातून एकदा डिटर्जंटनंतर डेअरीचं ॲसिड, डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात. बोअरचं पाणी जड असेल तर आठवड्यातून दोनदा.

पुढच्या संकलनाच्या थोडं आधी क्लोरीनचं पाणी: ५ टक्क्यांचं हायपोक्लोराइट असेल तर १० लिटरला ४० मिली. फिरवून काढून टाका. रात्रभर टाकीत ठेवू नका, स्टीलला बारीक खड्डे पडतात. तारेचा काथ्या टाकीच्या जवळसुद्धा नको.

सावध: ॲसिड आणि क्लोरीन कधीही एकत्र येऊ देऊ नका. विषारी क्लोरीन वायू सुटतो, आणि टाकीत डोकं घालून घासणाऱ्याला तो आधी लागतो. दोन्हींच्या बादल्या वेगळ्या रंगाच्या ठेवा.

## ९. देखभाल: थोडी, पण ठरलेल्या दिवशी

कंडेन्सर हाच देखभालीचा पाऊण हिस्सा आहे. वीज बंद करून मऊ ब्रशनं पत्र्यांच्या दिशेनं, उभं. आडवा ब्रश मारला तर पत्रे दुमडतात. पाणी मारायचं तर साध्या पाइपनं, आतून बाहेर. गाडी धुवायचा प्रेशर पंप नको. ऊस हंगामात, नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत, दर आठवड्याला. एरवी महिन्यातून एकदा.

महिन्यातून एकदा पॅनेल बंद करून टर्मिनलचे स्क्रू आवळा, काळवंडलेली वायर बदला, गळती-रोधक ब्रेकरचं टेस्ट बटण दाबा, आणि चालू असताना तिन्ही फेजचे करंट लिहा. नळ्यांच्या जोडांवर तेलकट डाग दिसला तर तिथं गळती आहे असंच समजा. टाकीचा थर्मामीटर बर्फाच्या पाण्यात बुडवून शून्य दाखवतो का, हे सहा महिन्यांनी बघा.

थंड व्हायला वेळ लागतोय? या क्रमानं बघा: दूध नेहमीपेक्षा जास्त आलं का, कंडेन्सर तुंबला का, पंखा पूर्ण वेगानं फिरतो का, व्होल्टेज किती, ढवळणी फिरते का, आणि सगळ्यांत शेवटी गॅस. गॅस खरंच कमी असेल तर काचेत बुडबुडे दिसतील आणि सक्शन नेहमीपेक्षा खाली असेल. अशा वेळी गळती शोधून बंद केल्याशिवाय नुसता गॅस भरून घेऊ नका. तो परत जाईल, पैसेही परत जातील.

## १०. पुराचा इशारा आला तर, आणि पाणी ओसरल्यावर

नदीकाठच्या संस्थांनी हे पान पॅनेलच्या दारावर चिकटवावं.

पाणी गावाकडं यायला लागलं, दूध टँकरनं गेलं, की फिटरला बोलावून पंप-डाऊन करून घ्या. रिसीव्हरचा लिक्विड व्हॉल्व्ह बंद करून कॉम्प्रेसर चालवायचा. सक्शन शून्याच्या जरा वर, दोन-एक पीएसआयला आली की कॉम्प्रेसर बंद आणि सक्शनचा व्हॉल्व्ह बंद. सगळा गॅस रिसीव्हरमध्ये राहतो. मग मुख्य वीज तोडा. युनिट खाली बसवलेलं असेल तर नळ्या सोडवून, तोंडं बंद करून ते माडीवर नेता येतं.

टाकी रिकामी ठेवू नका. इन्सुलेशनमुळं ती पुरात तरंगते, अँकर उपसते आणि नळ्या मुरगळते. स्वच्छ पाण्यानं भरा, झाकण आवळा, खालच्या व्हॉल्व्हला टोपी लावा.

पाणी ओसरल्यावर बटणाला हात लावायचा नाही. आधी चिखल धुवा, पॅनेल उघडून वाळवा. पाण्यात बुडालेले कॉन्टॅक्टर, रिले आणि ब्रेकर बदलाच, वाळवून लावू नका. मग वायरमनकडून ५०० व्होल्टच्या मेगरनं (इन्सुलेशन मोजायच्या यंत्रानं) कॉम्प्रेसर, पंखा आणि ढवळणीच्या मोटरचं वाइंडिंग तपासा. १ मेगओहमच्या खाली असेल तर मोटर वाळवायला किंवा रिवाइंडिंगला. बंद डब्यातला कॉम्प्रेसर असेल तर तो चालू करायचाच नाही, फिटरच्या ताब्यात. टाकीच्या बाहेरच्या पत्र्याच्या खालच्या सांध्यातून पाणी ठिबकत असेल तर इन्सुलेशनमध्ये पाणी शिरलं आहे. तळाचा पत्रा खोलून वाळवावं लागेल. अर्थिंगचा रोध पुन्हा मोजा, खड्ड्यावरची माती वाहून गेलेली असते.

हे सगळं झालं की टाकी आतून डिटर्जंट, ॲसिड, क्लोरीन अशी, प्रत्येकानंतर पाण्यानं खळाळून, दोनदा धुवायची आणि सातव्या टप्प्यातली पाण्याची चाचणी वही घेऊन पुन्हा करायची. आकडे जुन्या पानाशी जुळले की संघाच्या पर्यवेक्षकाला कळवून संकलन सुरू करा.